नऊ नंबरच्या खाटेवरची लागू न पडणारी गोळी

सत्यवती देगलूरकर यांच्या नजरेतून काही सुटत नसे. हे मत मुख्यतः सत्यवती देगलूरकर यांचंच होतं, पण ते इतकं ठाम होतं की दुसऱ्या कुणाला विचारायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

हैदराबादेत गौलीगुड्याजवळच्या एका इस्पितळात त्या नर्सिंगच्या मुलींना औषधशास्त्र शिकवत. स्वतः रसायनशास्त्र शिकल्या उर्दूतून, शिकवत इंग्रजीतून, भाजी घेत तेलुगूतून आणि रागावत मराठीतून. इतक्या भाषांमधून गाळून निघालेलं डोकं अत्यंत शुद्ध असणार, असा त्यांचा तर्क होता. आवाज हळू, साडी कडक इस्त्रीची, चष्मा जाड. 'शांत माणसाला सगळं दिसतं,' असं त्या मनाशी म्हणत. चष्मा काढल्यावर त्यांना दार आणि खिडकी यांतला फरक कळत नसे, हा भाग वेगळा.

मागच्या उन्हाळ्यात वॉर्डातला थर्मामीटर हरवला, तेव्हा त्यांनी अर्ध्या वॉर्डाची उलटतपासणी घेतली, एका आयाला रडवलं, आणि अखेर थर्मामीटर त्यांच्याच पुस्तकात खूण म्हणून घातलेला सापडला. "सापडला ना?" त्या म्हणाल्या. "कुठे सापडला, हा तपशील झाला."

वर्गातही त्या शिकवत नसत, तपास करत. "मुलींनो, औषध म्हणजे घरात शिरलेला परका इसम. तो कुठल्या दाराने शिरला, आत कुठे कुठे फिरला, कुणी त्याचा वेष पालटला आणि कुठल्या दाराने बाहेर पडला, एवढं सांगता आलं की औषधशास्त्र आलं." मुली हे उतरवून घेत. शोषण, वितरण, परिवर्तन, उत्सर्जन असे कोरडे शब्द पाठ करण्यापेक्षा परका इसम बरा, असं त्यांना वाटे.

ते साल राज्य मोडण्याचं होतं. नोव्हेंबर लागला की हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होऊन तीन दिशांना जाणार होते. रस्त्यात ओळखीचं माणूस भेटलं तर 'कसं काय' विचारायच्या आधी 'तुमचं कुठं?' असं विचारायची पद्धत पडली होती. सरकारी नोकरांच्या वाटणीत कुणाचं नाव औरंगाबादेला होतं, कुणाचं गुलबर्ग्याला, कुणाचं अजून वरच्या कचेरीत अडकलेलं.

अशा दिवसांत एका दुपारी भामा कंधारकर डोळे पुसत त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. भामा दुसऱ्या वर्षाला होती. हात हलके आणि स्वभाव असा, की इंजेक्शन देताना पेशंटच्या आधी तिच्याच तोंडून 'आई गं' निघे.

"बाई, नाव कापू लालेत माझं."

"कुणी? कधी? कुठल्या शाईने?" सत्यवतीबाईंनी चष्मा सावरला.

"मेट्रनबाईंनी. नऊ नंबरच्या खाटेवरचे मुकुंदराव आहेत ना, छातीत कळ येणारे? त्यांना ती जिभेखालची गोळी द्यायचं काम माझ्याकडं. मी देते, पण कळ काही थांबंना. अप्पाराव डॉक्टर म्हणतात, गोळी पोटात गेली असती तर—"

"जिभेखालची गोळी पोटात जात नाही. ती जिभेखालून थेट रक्तात जाते."

"तेच ते. म्हणतात, दिली असती तर गुण आलाच असता. म्हणजे मी देतच नाही, नाहीतर बदलून देते. शनिवारी फेरी आहे. तोवर कारण सापडलं नाही तर मला शिफारस नाही."

शिफारस नाही याचा अर्थ त्या दिवसांत सगळ्यांना कळत होता. भामाचा नांदेड जिल्हा मुंबई राज्यात जाणार होता. औरंगाबादेत पुढचं शिक्षण मिळणार ते मेट्रनच्या शिफारशीवर. ती नसली की भामा इथे परकी आणि तिथे डाग लागलेली. मग परत कंधारला, जिथे तिच्या आत्याने 'मुलीची जात, बेडपॅन धुवायला कशाला धाडता?' म्हणून वर्षभर अबोला धरला होता.

सत्यवतीबाई उठल्या. "रडू नकोस. प्रकरण मी हातात घेतलं."

हे ऐकून भामाला जास्तच रडू आलं.

नऊ नंबरच्या खाटेवर मुकुंदराव उशाला टेकून बसले होते. आबकारी खात्यातले अव्वल कारकून, तीन पिढ्यांची सरकारी नोकरी, अंगावर घडी न मोडलेला सदरा, आणि गालात जन्मभर तंबाखू ठेवून आलेला थोडा फुगवटा. तंबाखू इस्पितळाने सोडवली होती, फुगवटा राहिला होता. उजव्या हाताला स्टुलावर झाकणाची एनॅमलची पिकदाणी. डाव्या हाताला त्यांच्या पत्नी सुशीलाबाई, डबा सोडत असलेल्या. पलीकडे दहा नंबरवर पाय प्लास्टरमध्ये टांगलेले बशीरुद्दीन साहेब, मुन्सफ कोर्टातले निवृत्त पेशकार, म्हणजे न्यायाधीशापुढे कागद मांडणारे कारकून.

सत्यवतीबाईंनी घटनास्थळाची पाहणी केली. उशी उचलून पाहिली. गादीखाली पाहिलं. गोळ्यांची तपकिरी बाटली उजेडात धरली. पिकदाणी मध्ये येत होती, ती त्यांनी दोन बोटांनी बाजूला सारली.

"गोळी खरोखर घेता?" त्यांनी मुकुंदरावांना विचारलं.

"हुकूम म्हटल्यावर घेणार नाही तर काय?" मुकुंदराव दुखावले. "जिभेखाली ठेवतो. ह्या पोरीच्या देखत."

"जीभ उचलून दाखवतात मला," भामा म्हणाली.

"अहो, यांना सांगितलेलं यांनी केलं नाही असं कधी झालंच नाही," सुशीलाबाई म्हणाल्या. "एकदा बीदरला साहेब म्हणाले, 'मुकुंदराव, मी येईपर्यंत इथून हलू नका,' आणि साहेब विसरून घरी गेले. हे रात्रभर कचेरीत. सकाळी झाडूवाल्याला वाटलं, भूत."

"हे प्रस्तुत नाही," सत्यवतीबाई म्हणाल्या.

दहा नंबरवरून खाकरल्याचा आवाज आला. "अम्मा, हमारी बारी कब आती?"

"आयाला सांगते," सत्यवतीबाई म्हणाल्या, आणि आयाने बशीरुद्दीन साहेबांना बेडपॅन आणून दिलं. ते त्यांनी अत्यंत सभ्यपणे परत केलं.

पहिला सिद्धांत त्याच दुपारी तयार झाला: गोळी नकली. औषधाच्या पाच योग्य गोष्टी त्या मुलींकडून रोज वदवून घेत: योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. दुसऱ्यावरच बोट ठेवून त्या म्हणाल्या, "कुणीतरी बाटलीत साखरेच्या गोळ्या भरल्यात. शास्त्रात एकच न्यायाधीश, प्रयोग." आणि भामा 'बाई, बाई' म्हणेपर्यंत त्यांनी एक गोळी स्वतःच्या जिभेखाली टाकली.

छातीतली कळ थांबवणाऱ्या या गोळीत नायट्रोग्लिसरीन असतं. ते रक्तवाहिन्या सैल करतं. छातीत कळ असलेल्याचं त्याने भलं होतं. नसलेल्याचं काय होतं, ते सत्यवतीबाईंनी वर्गात अनेकदा सांगितलं होतं. चेहरा तापतो, कानशिलं ठणकतात, उभ्या माणसाला घेरी येते. आता त्यांना ते सगळं, त्याच क्रमाने, फार लवकर झालं. खाली बसायचा विचार त्यांनी केला. पण विचारापेक्षा फरशी आधी आली.

डोळे उघडले तेव्हा भामाने त्यांचे पाय उशीवर उंच ठेवले होते आणि चेहऱ्यावर वारा घालत होती.

"भामा," त्या फरशीवरूनच म्हणाल्या, "लिहून घे. गोळी अस्सल आहे."

"हौ, अस्सल है," दहा नंबरवरून बशीरुद्दीन साहेब म्हणाले. "हमारी बारी—"

"ड्रेसिंग उद्या," सत्यवतीबाई म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटले.

दुसऱ्या सिद्धांताचा उगम त्यांच्या डोकेदुखीतच होता. ज्या कारखान्यांत नायट्रोग्लिसरीनची स्फोटकं बनतात, तिथल्या कामगारांना त्याची सवय होते. आधी डोकं ठणकतं, मग ठणकेनासं होतं. याला सहनशीलता म्हणतात. याचा अर्थ उघड होता. मुकुंदराव घरी डायनामाइट हाताळत होते.

"पोलिस अ‍ॅक्शनच्या आधीच्या चळवळीत होतात का तुम्ही?" त्यांनी दुसऱ्या दिवशी आवाज उतरवून विचारलं. "रेल्वेचे रूळ? पूल? मी कुणाला सांगणार नाही."

मुकुंदरावांचा चेहरा पांढरा पडला. सुशीलाबाई मात्र खळखळून हसल्या.

"डायनामाइट? हे? अहो मास्तरीणबाई, दिवाळीत फुलबाजी लावायची तर हे डोळे मिटतात आणि मी यांचा हात धरून लावते! चळवळीच्या वेळी घराबाहेर घोषणा झाल्या की हे मुदपाकखान्यात जाऊन तांदूळ निवडायचे."

"निवडलेले बरे असायचे," मुकुंदराव पुटपुटले.

तिसरा सिद्धांत सुशीलाबाईंच्या हसण्यातून निघाला, कारण इतकी हसणारी बाई निर्दोष असणं सत्यवतीबाईंना पटेना. औषधाचा परिणाम दुसरा पदार्थ पुसून टाकू शकतो. डब्यात काय येतं? चिंचेचं सार, गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, भाजी, कैरीचं लोणचं. सगळं आंबट! त्यांनी सारात निळा लिटमस कागद बुडवला. तो लाल झाला.

"लाल!" त्या विजयाने म्हणाल्या.

"साराला आंबटपणा नसता तर मी फेकून दिलं असतं," सुशीलाबाई म्हणाल्या, आणि यावेळी त्या हसल्या नाहीत. "माझ्या हातचं खाऊन यांनी पन्नाशी ओलांडली. तुमच्या कागदाला काय कळतंय?"

"पण गोळी जिभेखाली, सार पोटात," भामा हळूच म्हणाली. "भेट कशी होणार, बाई?"

सत्यवतीबाईंनी लिटमस कागद मुठीत चुरगळला. मुलगी चांगली तयार झाली आहे, असं त्यांना वाटलं. चुकीच्या वेळी, पण चांगली.

शुक्रवार आला. भामाने सामानाची ट्रंक बाहेर काढली आहे, ही बातमी वसतिगृहातून आली. सत्यवतीबाईंना त्या रात्रीची पोळी गोड लागली नाही, आणि सकाळी उठताच चौथा सिद्धांत सापडला. तो इतका साधा होता की आधीच्या तिन्हींची त्यांना कीव आली. मुकुंदरावांचं नाव औरंगाबादेच्या यादीत होतं. त्यांना हैदराबाद सोडायचं नव्हतं. म्हणजे कळ येतच नव्हती! जिथे रोगच नाही तिथे औषध काय लागू पडणार?

शनिवारच्या फेरीत त्यांनी सगळ्यांना नऊ नंबरच्या खाटेभोवती गोळा केलं. मेट्रन रूथम्मा, पांढऱ्या टोपीखाली भुवया ताठ. अप्पाराव डॉक्टर, घड्याळ बघत. सुशीलाबाई, डबा मांडीवर घट्ट. भामा, भिंतीला टेकून. सत्यवतीबाईंनी स्वतःसाठी खुर्ची मागवली. खाट आणि स्टूल यांच्यामध्ये जागा कमी होती. त्यांनी पिकदाणी पायाने खाटेखाली पार आत ढकलली आणि खुर्ची तिथे घट्ट बसवली.

"सत्यवती अम्मा, जल्दी बोलना," मेट्रन म्हणाल्या. "ऊपर का वॉर्ड बाकी है."

"या खोलीत," सत्यवतीबाई म्हणाल्या, "एक माणूस खोटं बोलतो आहे."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बशीरुद्दीन साहेब कोपरावर उठून बसले. त्यांचा चेहरा उजळला.

"मुकुंदराव, औरंगाबादेला जायचं नाही म्हणून तुम्ही कळ येण्याचं सोंग करता. हो की नाही?"

मुकुंदरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. तीन पिढ्यांत या घराण्याच्या माणसाला कुणी खोटा म्हटलं नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला, आणि हात छातीवर गेला.

"सोंग नव्हे हे," डॉक्टर पुढे झाले. "गोळी! लवकर!"

भामाने गोळी दिली. मुकुंदरावांनी ती जिभेखाली ठेवली, जीभ उचलून दाखवली, तोंड मिटलं. मग ते नेहमीप्रमाणे बायकांनी पाठ फिरवायची वाट पाहू लागले. कुणी पाठ फिरवेना. त्यांनी उजवा हात लांब केला. तिथे सत्यवतीबाई होत्या. मुकुंदरावांनी खुर्चीमागे चाचपलं. तिथे काही नव्हतं.

"उं," मुकुंदराव म्हणाले.

"काय हवंय हो?" सुशीलाबाई घाबरल्या. "पाणी?"

"उं उं!" त्यांनी जोरात मान हलवली. गाल फुगले होते. डोळे खोलीभर काहीतरी शोधत होते. मेट्रनसमोर फरशीवर थुंकणं या माणसाला जिवावर उदार होऊनही जमलं नसतं. गिळायची तर मनाई होती. ते तसेच तोंड मिटून, दोन्ही मुठी आवळून बसले.

"अय्यो, जा रहे क्या ये?" मेट्रन म्हणाल्या. भामाने मुकुंदरावांची नाडी धरली. सुशीलाबाईंच्या मांडीवरून डबा घसरला. सत्यवतीबाई खुर्चीत थिजून गेल्या. आपण एका माणसाला तर्काने मारलं, असं त्यांना स्पष्ट दिसलं, आणि त्या क्षणी त्यांना चष्मा नसता तर बरं, असं वाटलं.

मग मुकुंदरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गाल लाल झाले. आवळलेल्या मुठी सैल पडल्या. छातीवरचा हात खाली आला. त्यांनी आवंढा गिळला, दचकले, आणि अपराधी चेहऱ्याने म्हणाले, "गिळलं गेलं. माफ करा. पण... कळ गेली हो!"

तेवढ्यात दहा नंबरवरून शांत, कोर्टात घडलेला आवाज आला.

"अब तो हमकू पुकारो."

"बोलो, साहेब," डॉक्टर म्हणाले.

"बशीरुद्दीन, साबिक पेशकार, खाट नंबर दस. हलफ पे बोलते. ये मुकुंदराव साहब रोज गोळी रखते, बच्ची उधर मुड़ती, ये उगालदान में थूक देते. आज उगालदान नै मिला, तो गोळी अंदर रह गई. बस, इत्ती बात है."

"पहले क्यों नै बोले?" मेट्रन ओरडल्या.

"बिन पुकारे गवाही कैसी, मेमसाब?" साहेब दुखावून म्हणाले. "चालीस साल अदालत में बैठे. चार दिन से पूछ रहे, हमारी बारी कब आती. अम्मा कभी बेडपॅन भेजते, कभी पट्टी."

सगळे मुकुंदरावांकडे वळले.

"थुंकता?" सुशीलाबाई म्हणाल्या.

"मग काय करणार?" मुकुंदराव खरंच गोंधळले होते. "तंबाखू गालात धरायची, रस गिळायचा नाही, थुंकायचा. गिळला तर घेरी येते. ही गोळीपण तशीच तोंडात धरायची म्हणाले. हुकूम साफ होता: जिभेखाली ठेवा, गिळू नका. आता गिळू नका म्हटल्यावर ती दुसरीकडे जाणार कुठे? आणि बायकांसमोर थुंकणं बरं दिसत नाही, म्हणून पाठ फिरेपर्यंत थांबायचो."

परका इसम ज्या दाराने शिरत होता, त्याच दाराने, कुणी पाहत नसताना, बाहेर पडत होता. सत्यवतीबाईंच्या चारही सिद्धांतांत तो घराच्या आत फिरत होता. प्रत्यक्षात तो उंबऱ्यावरूनच परतत होता.

"ये हुकुम कौन दिया?" मेट्रननी विचारलं. "आधा हुकुम? रखो, निगलो नक्को, और आगे कुछ नै?"

सगळ्यांची नजर भामावर गेली. हुकूम तिनेच सांगितला होता. भामाने फरशीकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. ती काही बोलणार नव्हती, हे सत्यवतीबाईंना लख्ख दिसलं.

आणखीही एक गोष्ट दिसली. वर्गातला काळा फळा. त्यावर त्यांच्याच हातचं, दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य. 'जिभेखाली ठेवा. गिळू नका.' गिळली तर यकृत औषधाला वाटेतच निकामी करतं, म्हणून 'गिळू नका'वर त्यांनी फार जोर दिला होता. मुलींकडून ते एका सुरात म्हणवून घेतलं होतं. भामा पहिल्या बाकावर होती आणि तिने ते अक्षरशः पाठ केलं होतं. 'विरघळू द्या' हे शब्द त्यांनी लिहिले नव्हते. ते कुणालाही कळेल असं त्यांना वाटलं होतं.

त्या खुर्चीतून उठल्या.

"मी," त्या म्हणाल्या. "वाक्य माझं आहे. भामाने त्यात एक अक्षर कमी-जास्त केलेलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. हिची शिफारस कापायची असेल, तर माझा खडू आधी काढून घ्या."

मग रूथम्मांनी टोपी नीट केली. "खडू रख लेना," त्या म्हणाल्या. "वाक्य पूरा लिखना. भामा, बेटा, ट्रंक अंदर रख." त्या दाराशी थांबल्या. "और सत्यवती अम्मा, थर्मामीटर फिर गुम है. आपके पास?"

"माझ्या पुस्तकात नाही," सत्यवतीबाई म्हणाल्या. "पाहते."

अप्पाराव डॉक्टरांना इतकं हसू आलं की त्यांना कॉरिडॉरमध्ये जावं लागलं.

नोव्हेंबरात काचीगुडा स्टेशनवर मनमाडच्या गाडीत एकाच डब्यात मुकुंदरावांचं बिऱ्हाड आणि भामाची ट्रंक चढली. सुशीलाबाईंनी सत्यवतीबाईंच्या हातात साराची बरणी दिली. "कागद बुडवू नका," त्या म्हणाल्या, "भाताशी खा." मुकुंदरावांनी नमस्कार करून छातीवरच्या खिशातली बाटली दाखवली. "ठेवायची, गिळायची नाही, थुंकायची नाही, विरघळू द्यायची," त्यांनी हुकूम वाचल्यासारखं म्हटलं. मग थोडं थांबून विचारलं, "आणि विरघळेपर्यंत बोललं तर चालतं?"

सत्यवतीबाईंनी उत्तर द्यायच्या आधी पूर्ण विचार केला. "चालतं. पण तेवढा वेळ नाही बोललात तर सुशीलाबाईंना बरं वाटेल."

भामा खिडकीतून वाकली. "बाई, तिकडं माझ्या वर्गात मी ही तुमची केस सांगू?"

"सांग. चारही सिद्धांत सांग. गोळी मीच खाऊन पडले, तेही सांग."

"पण मग तुमचं काय बरोबर आलं म्हणून सांगू?"

शिट्टी झाली. गाडी हलली. सत्यवतीबाई दोन पावलं तिच्याबरोबर चालल्या, आणि त्यांचा हळू आवाज तेवढा एकदाच कमालीचा चढला.

"खुर्ची! सांग की खुर्ची अचूक जागी ठेवली होती!"